पाणी वेळेवर आलं

शुक्रवार, १६ फेब्रुवारी १९६२. सकाळ

हॅम्बुर्ग हे जर्मनीचं सगळ्यात मोठं बंदर, पण समुद्रकाठचं शहर नव्हे. उत्तर समुद्र इथून शंभर किलोमीटरहून दूर, कुक्सहाफेनला एल्बे नदीच्या मुखाशी आहे. जहाजं नदीतून वर येतात, माल उतरवतात आणि नदीतूनच परत जातात. त्यामुळे हॅम्बुर्गकराला स्वतःच्या गावाबद्दल काय वाटतं असं विचारलं, तर तो आल्स्टरचं तळं, मिशेल चर्चचा १३२ मीटर उंचीचा मनोरा, श्पायशरश्टाटमधली लाल विटांची गोदामं, हान्सा व्यापाऱ्यांच्या काळापासूनचा रुबाब, हे सगळं सांगेल. समुद्र त्यात येणार नाही. समुद्र म्हणजे सुट्टीत जायची जागा.

भरतीला मात्र हे मान्य नाही. दिवसातून दोनदा ती एल्बेच्या मुखातून आत शिरते आणि हॅम्बुर्ग ओलांडून आणखी वर जाते. लांडुंग्सब्र्युकनच्या धक्क्यावर एक जुना मनोरा आहे. त्याच्यावर घड्याळाच्या जोडीला पाण्याची पातळी दिसते, म्हणजे वेळ बघणाऱ्याला नदीही बघता येते. तेव्हा एरवीची भरती समुद्रसपाटीपासून दोन मीटरांच्या आतच थांबायची.

शहराची जमीन दोन प्रकारची. उत्तरेकडे गेस्ट, म्हणजे हिमयुगाने मागे टाकलेली उंच, रेताड जमीन. मूळ शहराची वाढ या उंचवट्याच्या आधाराने झाली. आल्टोना, ब्लांकनेझेच्या टेकड्या, मिशेल, रेपरबान हे सगळं तिथे. दक्षिणेकडे मार्श, म्हणजे नदीने आणून टाकलेल्या गाळाची सपाट, सुपीक आणि सखल जमीन. तिथे बांधाशिवाय राहता येत नाही. आपल्या कोकणात खाडीकाठी खारबंदिस्ती घालून भातखाचरं वाचवतात, तीच ही विद्या. फक्त इथे बांधामागे भाताऐवजी सफरचंदाच्या बागा, गोद्या, कारखाने आणि माणसं आहेत. हॅम्बुर्गपाशी एल्बे दोन फाट्यांत विभागते आणि पुढे पुन्हा एक होते. त्या फाट्यांमधलं मोठं बेट म्हणजे विल्हेल्म्सबुर्ग. १९६२ साली तिथे ऐंशी हजारांच्या आसपास लोक राहत होते. गोदी कामगार, कारखान्यातले मजूर, आणि आणखी एक जमात. तिच्याकडे थोड्या वेळाने येतो, कारण या घटनाक्रमात मेली ती मुख्यतः तीच.

वारा सकाळपासून सुटलेला होता. हवामानखात्याच्या नकाशावर 'विन्सिनेट' नावाचं वादळ आइसलँडच्या बाजूने स्कँडिनेव्हियाकडे सरकत होतं. फेब्रुवारीत उत्तर जर्मनीत वादळ म्हणजे काही बातमी नव्हे. कौलं उडतात, झाडं पडतात, लोक टोप्या धरून कामाला जातात. त्या दिवशीही गेले.

दुपार

वाऱ्याची दिशा वायव्येची झाली आणि तीच टिकली. इथे नकाशा डोळ्यापुढे आणावा. उत्तर समुद्राचा आग्नेय कोपरा जर्मनीच्या किनाऱ्यात काटकोनासारखा घुसलेला आहे. वायव्येचा वारा पाणी ढकलत ढकलत त्या कोपऱ्यात नेतो. तिथून पाण्याला सुटका नाही. नेमकं त्याच कोपऱ्यात एल्बेचं रुंद, नरसाळ्याच्या आकाराचं मुख वायव्येकडेच तोंड करून उघडं आहे. वारा तासन्‌तास एकाच दिशेने वाहिला, की नदीचा चढ संपून समुद्राचा उतार सुरू होतो.

आपल्याकडे त्याच महिन्याच्या सुरुवातीला अष्टग्रहीची भीती पसरली होती. आठ ग्रह एका राशीत येणार, जगबुडी होणार, म्हणून भारतभर होमहवनं झाली आणि काहीच झालं नाही. दहा-बारा दिवसांनी युरोपात एका शहराच्या वाट्याला पाणी आलंच, पण त्यात ग्रहांचा तर सोडाच, चंद्राचाही फारसा हात नव्हता. पौर्णिमा अजून तीन दिवसांवर होती. पूर्ण उधाणाची भरती नव्हतीच. जे आलं ते वाऱ्याने आणलं. हेच वादळ तीन दिवस थांबून आलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशोब नंतर पुष्कळांनी मांडला.

दुपारची भरती येऊन गेली. तिच्यानंतर ओहोटी यायला हवी होती. ती आली, पण नेहमीसारखी उतरली नाही. वारा पाण्याला परत जाऊ देत नव्हता. म्हणजे रात्रीची भरती येईल ती रिकाम्या नदीवर नव्हे, आधीच अर्ध्या भरलेल्या नदीवर चढणार. बंदरातल्या जुन्या माणसांना एवढं कळायला पुरेसं होतं. पण ही माणसं पगारी नोकर होती. शुक्रवार होता, पाळी संपली, ती घरी गेली.

संध्याकाळ

शहराचे महापौर पाउल नेफरमान ऑस्ट्रियात प्रकृतीला आराम म्हणून गेले होते. पोलीस खात्याचे सिनेटर हेल्मुट श्मिट बर्लिनमध्ये एका बैठकीला होते. (हॅम्बुर्ग हे शहर असूनही स्वतंत्र राज्य आहे. त्यामुळे तिथला सिनेटर म्हणजे आपल्याकडचा मंत्रीच.) श्मिट त्या वेळी ४३ वर्षांचे होते आणि पद सांभाळून त्यांना दोन-तीन महिनेच झाले होते.

बांध कुणाचे, हा प्रश्न त्या संध्याकाळी कुणी विचारला नाही. विचारला असता, तर उत्तर द्यायला चार-पाच टेबलं फिरावी लागली असती. काही बांध बांधकाम खात्याकडे, बंदरातले बंदर खात्याकडे, काही शेतकऱ्यांच्या परंपरागत बांध-मंडळांकडे. इशारा द्यायचा पोलिसांनी आणि बांध राखायचा दुसऱ्या कुणी, अशी वाटणी होती.

रात्री साडेआठ

पाण्याचा अंदाज बांधणारी जर्मनीची जलमापन संस्था हॅम्बुर्गमध्येच होती. खाली बंदर दिसेल अशा झांक्ट पाउलीच्या चढावर तिचं काम चालायचं. तिथल्या तज्ज्ञांनी आपलं काम चोख केलं. रात्रीची भरती नेहमीपेक्षा तीन मीटर जास्त असेल, धोका अतिगंभीर आहे, असा इशारा त्यांनी काढला आणि साडेआठच्या सुमारास रेडिओवरून तो प्रसारित झाला.

इशाऱ्यात म्हटलं होतं, 'जर्मनीच्या संपूर्ण उत्तर समुद्र किनाऱ्यासाठी'.

हॅम्बुर्गमध्ये ज्यांनी तो ऐकला, त्यांतल्या बहुतेकांनी तो किनाऱ्यावरच्या लोकांसाठी आहे असं धरलं. हुसुम, ब्युसुम, बेटांवरचे कोळी, त्यांच्यासाठी. आपण तर शंभर किलोमीटर आत. वाक्य बरोबर होतं, वेळही बरोबर होती, आणि ज्या इमारतीतून ते निघालं ती इमारत स्वतः धोक्यात येणाऱ्या शहरात उभी होती. मला या सगळ्या रात्रीतली हीच गोष्ट सर्वांत अस्वस्थ करते. कुणी निष्काळजी नव्हतं, कुणी खोटं बोललं नव्हतं. फक्त 'हॅम्बुर्ग' हा शब्द तेवढा इशाऱ्यात नव्हता.

आणि त्या रात्री पुष्कळांनी रेडिओ लावलाच नव्हता. दूरचित्रवाणीवर 'हेसेलबाख कुटुंब' ही मालिका होती. एका छापखानावाल्या घरातल्या कुरबुरींची ही मालिका तेव्हा देशभर लाडकी होती. ती मध्येच थांबवून इशारा द्यावा, हे झालं नाही. मालिका शेवटपर्यंत चालली. लोक हसले, दिवे मालवले.

रात्री दहा

कुक्सहाफेनमध्ये पाणी बांधाच्या माथ्याशी आलं. तिथले लोक रस्त्यावर होते, वाळूची पोती भरत होते. तिथे 'किनारा' या शब्दाबद्दल कुणालाच शंका नव्हती. कुक्सहाफेनहून भरतीची लाट झांक्ट पाउलीला पोचायला तेव्हा चार तासांच्या आसपास लागायचे. ही वेळ बंदरातल्या प्रत्येक वाटाड्याला तोंडपाठ असते, जहाजं त्यावरच चालतात. म्हणजे दहा वाजता हॅम्बुर्गला आपल्यावर येणाऱ्या पाण्याची उंची आणि वेळ, दोन्ही टेलिफोनवर कळू शकत होती. फोन झालेही. कुक्सहाफेनहून बातमी आली. खात्याखात्यांत ती फिरू लागली. बांधांवर पहारे लागले, पोलीस आणि अग्निशमन दलाला सावध केलं गेलं.

पण पाण्याची तयारी आणि माणसांची तयारी यांत फरक असतो. त्या रात्री बांधावर माणसं गेली, बांधामागच्या घरांत फारसं कुणी गेलं नाही. बांध फुटेल असं गृहीत धरून हजारो माणसांना अंथरुणातून उठवायचं, हा निर्णय घ्यायला कुणीतरी अंगावर जबाबदारी घ्यावी लागते. उद्या काही झालं नाही, तर हसं होतं. वर बसलेल्या कुणाच्याही अनुभवात असं पाणी नव्हतं. हॅम्बुर्गने पाहिलेला सर्वांत मोठा पूर होता १८२५ सालचा, पाच मीटर आणि वर चोवीस सेंटिमीटर. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षं एवढं पाणी आलं नाही. १९५३ साली हॉलंडमध्ये अशाच वादळी भरतीने १,८३६ माणसं मारली, तेव्हा हॅम्बुर्गने आपले बांध उंच करायची योजना आखली. काही ठिकाणी काम झालं, काही ठिकाणी व्हायचं होतं. युद्धानंतर घरं, पूल, गोद्या आधी उभ्या करायच्या होत्या. बांध दिसत तरी ठीक होते.

मध्यरात्र

आता त्या 'आणखी एका जमाती'कडे.

जुलै १९४३ च्या शेवटच्या आठवड्यात ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी हॅम्बुर्गवर जी बाँबफेक केली, तिच्यात चौतीस हजारांहून जास्त माणसं मेली. हामरब्रोक, रोटनबुर्ग्सओर्ट ही कामगारवस्ती आगीच्या वादळात जळून गेली. ज्यांची घरं गेली त्यांनी मिळेल तिथे आसरा घेतला. शहराच्या कडेला, नदीच्या मार्शमध्ये, कामगारांनी भाजीपाला लावण्यासाठी घेतलेले बागेचे छोटे तुकडे होते. प्रत्येक तुकड्यात अवजारं ठेवायला, रविवारी कॉफी प्यायला एक लाकडी खोपटं. बाँबने बेघर झालेल्यांनी ही खोपटी वाढवली. एक भिंत विटांची, एक फळ्यांची, वर डांबरी पत्रा, बाजूला कोंबड्यांचा खुराडा. पूर्वेकडून आलेले निर्वासितही त्यांत मिसळले. सरकारने डोळेझाक केली, कारण द्यायला दुसरं काही नव्हतं. तात्पुरतं म्हणून बांधलेलं हे जग १९६२ साली, म्हणजे युद्ध संपून सतरा वर्षं झाल्यावरही विल्हेल्म्सबुर्ग आणि वाल्टर्सहोफमध्ये नांदत होतं. तिकडे शहराच्या मध्यभागी काचेच्या इमारती उठत होत्या, दुकानांत केळी आणि वॉशिंग मशीन आली होती. इकडे लोक बागेतल्या खोपट्यात राहत होते, तेही शहराच्या सर्वांत सखल जागी, बांधाच्या अगदी पायथ्याशी.

खोपटं एकमजली. वर जायला माडी नाही. बहुतेकांकडे टेलिफोन नाही.

पोलिसांच्या गाड्या भोंगे वाजवत काही वस्त्यांतून फिरल्या. कुठे चर्चच्या घंटा वाजवल्या. वारा इतका होता की शेजारच्या घराचं दार आपटलेलं ऐकू येत नव्हतं. ज्यांनी भोंगा ऐकला, त्यांना तो आगीचा वाटला.

मध्यरात्रीनंतर पाव तास

पहिला बांध फुटला तो नॉयएनफेल्डेला, शहराच्या पश्चिमेला. आल्टेस लांड म्हणून ओळखला जाणारा हा सफरचंद आणि चेरीचा मुलूख. मध्ययुगात हॉलंडहून आलेल्या शेतकऱ्यांनी तो पाण्यातून काढला होता.

बांध फुटतो म्हणजे काय, हे जवळून पाहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पाणी भिंत पाडतं तसं बांधाला समोरून पाडत नाही. समोरची, नदीकडची बाजू लाटांसाठीच केलेली असते. ती तिरपी असते, गवताने घट्ट विणलेली असते. मार बसतो तो पाठीमागून. पाणी माथ्यावरून पलीकडे सांडायला लागतं. पाठीमागची, जमिनीकडची बाजू जुन्या बांधांत उभी ठेवलेली, कारण जागा वाचवायची होती. त्या उताराला लोकांनी बागा केल्या, झाडं लावली, कुठे घरं खेटवली. माथ्यावरून सांडणारं पाणी या उभ्या उतारावरून वेगाने खाली येतं आणि पायथ्याची माती खरवडतं. गवताचा एक तुकडा सुटतो, त्याखालचा गाळ लोण्यासारखा निघून जातो. बांध आतून, मागून, खालून पोखरला जातो, आणि समोरून अजून धड दिसत असतानाच माथा एकदम बसतो. मग ती फट नसते, दार असतं. पन्नास-शंभर मीटर रुंदीचं. त्यातून येणारं पाणी तळाशी खड्डा खणत येतं.

त्या रात्री हॅम्बुर्गमध्ये अशी सुमारे साठ दारं उघडली. नॉयएनफेल्डेनंतर क्रान्त्स, फ्रांकोप, मोअरबुर्ग. बांधांची उंची साडेपाच-पावणेसहा मीटरांच्या घरात होती. १८२५ च्या पाण्याला ती पुरली असती.

रात्री दोन ते तीन

वीज जाऊ लागली. विजेची केंद्रं नदीकाठी होती, त्यांत पाणी शिरलं. टेलिफोनच्या तारा तुटल्या, खालच्या केंद्रांत पाणी गेलं. ज्या खोल्यांत बसून अधिकारी नकाशावर बांध शोधत होते, त्या खोल्यांना आता बांधांवरून काही कळत नव्हतं. दोन वाजेपर्यंत बातमी उशिरा पोचत होती, दोननंतर ती येणंच थांबलं.

विल्हेल्म्सबुर्गच्या उत्तर टोकाला, श्प्रेहाफेन या बंदराच्या खोलगट भागापाशी, बांध फुटला. बेट बांधांनी चहूबाजूंनी वेढलेलं होतं, म्हणजे कोरडं असेपर्यंत वाटी उलटी आणि पाणी शिरल्यावर वाटी सुलटी. आत आलेलं पाणी बाहेर जायला जागा नव्हती. पाण्याच्या पहिल्या लोंढ्यात माणसं अंथरुणातच होती. ज्यांना जाग आली ते पायाला गार लागलं म्हणून. दार बाहेरच्या दाबाने उघडेना, म्हणून खिडकी. खिडकीतून छपरावर. छप्पर फळ्यांचं, तेही पाण्याबरोबर सुटून निघालं. रात्रीच्या कपड्यांत, ओल्या अंगाने, थंडगार वाऱ्यात. त्या रात्री बुडून जितके मेले, तितके नसतील कदाचित, पण छपरावर आणि झाडांवर गारठून मेले तेही थोडे नव्हते. पहाटेपर्यंत धरून बसलेली माणसं उजाडता उजाडता सैल पडून पाण्यात गेली.

नदीच्या पलीकडे, उंच गेस्टवर, शुक्रवारची रात्र होती. रेपरबानवरची नाचघरं नदीपासून पायी दहा मिनिटांवर, पण उंचावर. तिथून खाली पाहिलं असतं तर लांडुंग्सब्र्युकनचे तरंगते धक्के कधी नव्हे इतके वर उचललेले दिसले असते. अठरा लाखांचं शहर होतं. त्यातल्या बहुसंख्यांना पाण्याचा थेंबही लागला नाही.

रात्री ३ वाजून ७ मिनिटं

झांक्ट पाउलीच्या मापनपट्टीवर पाणी समुद्रसपाटीपासून ५.७० मीटरवर पोचलं. १८२५ चा विक्रम सेहेचाळीस सेंटिमीटरने मोडला. नेहमीच्या भरतीपेक्षा हे पाणी चार मीटर वर होतं. अंदाज तीन मीटरचा होता. त्या एका मीटरचा फरक बांधाच्या माथ्यावर पडला.

कुक्सहाफेनचं शिखर दहाच्या पुढे, झांक्ट पाउलीचं तीनच्या पुढे. भरती आपल्या वेळेवर आली. वेळेच्या बाबतीत एल्बेने त्या रात्री काहीही अनपेक्षित केलं नाही.

तीन सातनंतर पाणी उतरायला लागलं, नदीत. बांधाच्या आत ते तसंच उभं राहिलं.

शनिवार, १७ फेब्रुवारी. सकाळी पावणेसात

श्मिट रात्री उशिरा बर्लिनहून मोटारीने घरी परतले होते आणि झोपले होते. सकाळी सहानंतर त्यांना उठवलं. पावणेसातच्या सुमारास ते पोलीस मुख्यालयात आले. तोवर शहराचा सहावा हिस्सा पाण्याखाली होता आणि एक लाखाच्या आसपास माणसं पाण्याने वेढलेली होती.

यापुढची गोष्ट जर्मनीत इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिला दंतकथेची चमक आली आहे. श्मिट यांनी सूत्रं हाती घेतली, सैन्याला बोलावलं, नाटोचे सरसेनापती जनरल नॉर्स्टॅड यांच्याकडे हेलिकॉप्टर मागितली. देशाच्या आत सैन्य वापरायला तेव्हाच्या राज्यघटनेत स्पष्ट तरतूद नव्हती. त्या दिवसांत मी घटना उघडून पाहिली नाही, असं ते पुढे अभिमानाने सांगत. याच प्रतिमेवर ते मोठे झाले आणि १९७४ मध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर झाले. आपत्तीत सैन्य बोलावण्याची तरतूद घटनेत १९६८ साली आली.

नंतरच्या इतिहासकारांनी या कथेवरचा मुलामा थोडा खरवडला आहे. श्मिट मुख्यालयात पोचण्याआधीच काही सैनिकी तुकड्या कामाला लागल्या होत्या, आणि पूर-आगीत सैन्याने मदत करण्याचे नियम तेव्हाही होते. मला दोन्ही खरं वाटतं. सकाळी पावणेसातला आलेल्या माणसाने वाचवण्याचं काम उत्तम केलं, यात शंका नाही. डझनावारी अधिकाऱ्यांमधून एक आवाज हुकूम देऊ लागला, याची किंमत पाण्यात उभ्या माणसालाच कळते. पण या रात्रीला नायक मिळाल्यामुळे लोकांचं लक्ष पावणेसातनंतरच्या तासांकडे गेलं. मला विचाराल तर या रात्रीचा निकाल रात्री साडेआठ ते बारा या साडेतीन तासांत लागला, आणि त्या तासांना कुणी नायकही नाही, खलनायकही नाही.

दिवसभर

वादळ अजून पूर्ण शमलं नव्हतं. त्या वाऱ्यात हेलिकॉप्टर छपरांवर उतरत होती. उतरत म्हणजे टेकत नव्हती, छप्पर टिकलं नसतं. हात धरून माणसं आत ओढायची. सैन्याच्या चपट्या हल्ला-बोटी झाडांच्या शेंड्यांमधून फिरत होत्या, पंख्यात कुंपणाच्या तारा अडकत होत्या. सैनिक, अग्निशमन दल, रेडक्रॉस, तांत्रिक मदत संस्था आणि साधे लोक धरून पंचवीस हजारांच्या आसपास माणसं कामाला लागली. शाळांच्या वर्गांत अंथरुणं पडली. गायी पोट फुगून तरंगत होत्या, सफरचंदाच्या बागांमध्ये मेलेल्या कोंबड्या फांद्यांना लटकल्या होत्या. पिण्याचं पाणी टँकरने आलं.

मृतांची यादी लांबत गेली. हॅम्बुर्गमध्ये ३१५. त्यात मदतीला गेलेले काही जणही होते. सगळ्यात जास्त माणसं विल्हेल्म्सबुर्गची, आणि त्यातही बागेतल्या खोपट्यांतली. १९४३ मध्ये आगीतून बाहेर पडलेले किती जण १९६२ च्या पाण्यात गेले, याची वेगळी मोजणी मी कुठे पाहिलेली नाही, पण पत्ते पाहिले की कल्पना येते.

सोमवार, २६ फेब्रुवारी

राटहाउसच्या, म्हणजे नगरभवनाच्या चौकात शोकसभा झाली. दीडेक लाख लोक जमले. हे नगरभवन १८९७ मधलं, हजारो खांबांवर ओल्या जमिनीत रोवलेलं. हॅम्बुर्गची भव्य इमारत म्हणून पर्यटक जिचा फोटो काढतात तीच. सिनेटने तज्ज्ञांची समिती नेमली. बांधांच्या जबाबदाऱ्या एकत्र आणल्या गेल्या, आपत्तीचा आराखडा झाला, इशाऱ्याची पद्धत बदलली. त्यानंतर पाणी चढलं की हॅम्बुर्गमध्ये तोफेसारखे बार काढले जाऊ लागले, भोंगे वाजू लागले.

बांध ७.२० मीटरवर नेले. महत्त्वाचं म्हणजे पाठीमागचा उतार पसरट केला, त्यावरची घरं आणि झाडं काढली, वळणं सरळ करून बांधाची एकूण लांबी कमी केली. एल्बेचा जुना दक्षिण फाटा नदीपासून कायमचा तोडला. खोपट्यांच्या वस्त्या हळूहळू रिकाम्या केल्या. लोकांना उंच इमारतींत घरं मिळाली. काहींना ती आवडली नाहीत, कोंबड्या ठेवता येत नव्हत्या.

३ जानेवारी १९७६

पुन्हा वायव्येचा वारा. झांक्ट पाउलीला पाणी ६.४५ मीटर, म्हणजे १९६२ पेक्षा पाऊण मीटर वर. बंदरात प्रचंड नुकसान झालं, गोदामं आणि मालाचे ढीग पाण्यात गेले. शहराचे बांध टिकले.

हॅम्बुर्गने जो आकडा आजवर पाहिला त्यात हाच सर्वांत मोठा. त्याचं एक कारण वारा, दुसरं शहर स्वतः. मोठी जहाजं यावीत म्हणून एल्बे एकोणिसाव्या शतकापासून पुन्हा पुन्हा खोल केली जाते. बांध नदीच्या जवळ आणल्याने पाण्याला पसरायला जागा उरली नाही. भरती-ओहोटीतला फरक झांक्ट पाउलीला आता साडेतीन मीटरांहून जास्त आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो दोन मीटरांच्या आसपास होता. कुक्सहाफेनहून लाट पूर्वीपेक्षा लवकर पोचते, म्हणजे टेलिफोन करायला मिळणारा वेळ कमी झाला आहे. शेवटचं खोलीकरण २०१९ मध्ये सुरू झालं आणि २०२२ मध्ये नवी खोली जहाजांना खुली झाली. पर्यावरणवाद्यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं न्यायालयात लढून पाहिलं.

हाफेनसिटी ही नवी वसाहत आणि २०१७ साली उघडलेलं एल्बफिलहार्मोनी हे संगीतगृह बांधाच्या बाहेर, नदीच्या बाजूला आहे. हाफेनसिटीतल्या इमारती समुद्रसपाटीपासून सुमारे आठ मीटर उंचीच्या भरावावर उचलून बांधल्या आहेत, तळमजल्यांना पोलादी दरवाजे आहेत. मासळीबाजाराच्या चौकात अजूनही हिवाळ्यात चार-दोनदा पाणी येतं. विक्रेते आदल्या रात्रीच टेबलं उचलतात आणि गाड्या वर हलवतात. बांध आणखी ऐंशी सेंटिमीटरने उंच करायचं काम सुरू आहे.